कधीच नसलेल्या प्राण्यांचे अवशेष: एका बालपुस्तकाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

आराखडा पक्का झाला. इरा नावाची एक शोधक, तिची वही, हातोडी, ब्रश आणि नकाशावर नसलेलं एक बेट. बेटावर तिला नामशेष प्राण्यांचे अवशेष सापडतात, आणि हे प्राणी सगळे काल्पनिक. वाचक सहा ते नऊ वर्षांचे. मजकूर माझा, चित्रं माझ्या चित्रकार मैत्रिणीची.

पानं ३२, म्हणजे सोळापानी दोन फर्मे (छपाईच्या घड्या). पहिलं पान शीर्षकाचं, दुसऱ्या-तिसऱ्यावर श्रेयं आणि नकाशा, बत्तिसावं शेवटचं सुटं. मध्ये समोरासमोरची १४ जोडपानं उरतात. गोष्ट तेवढ्यातच मावली पाहिजे. हा हिशोब आधी मांडलेला बरा. नाहीतर लिहून झालेल्या मजकुरातून अख्खा प्राणी उचलून बाहेर काढायची वेळ येते.

असं पुस्तक करू पाहणाऱ्या कुणाला तरी या नोंदी कामाला याव्यात म्हणून ठेवते आहे.

२० जानेवारी

पहिला खर्डा मुलांना वाचून दाखवला. त्यात सहा प्राणी होते आणि काळाच्या फटीतून इरा प्रत्येकाला जिवंत पाहत होती. मुलांनी चित्रं पाहिली, हसली, पान उलटलं. शेवटी विचारलं तर सहापैकी एकाचंही नाव कुणाला सांगता येईना. वर एका मुलीने विचारलं, "ती त्यांना भेटली ना? मग ते नामशेष कसे?"

तिचं बरोबर आहे. जिवंत भेटलेला प्राणी नामशेष वाटतच नाही.

एका पानावर मात्र सगळी थांबली. चित्र अपुरं राहिल्यामुळे त्या पानावर नुसता एक दात होता, बाजूला मापासाठी पेन्सिल. तो कुणाचा, काय खात असेल, केवढा असेल, यावर बराच वेळ वाद झाला. ती चर्चा मी लिहिलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा सरस होती.

खर्डा बाद. चित्रकाराची दोन रंगीत चित्रंही बाद, त्याचं वाईट वाटलं. नवा नियम असा: इरा एकाही प्राण्याला भेटणार नाही. आधी पुरावा, मग अंदाज, आणि पान उलटल्यावर प्राणी.

२७ जानेवारी

पुरावा झाकायचा-उघडायचा कसा, यावर काही दिवस गेले. प्रथम सुचली उचलायची झडप: वर माती, खाली हाड. नमुना हाताने करून पाहिला. दिसायला सुंदर, पण प्रत्येक झडपेला वेगळा साचा कापावा लागतो आणि ती हाताने चिकटवावी लागते. तेवढ्यानेच प्रत्येक प्रतीचा खर्च आवाक्याबाहेर जातो, आणि लहान हातांत झडप फाटते ते वेगळंच. मग अर्धपारदर्शक कागद: सांगाड्यावर त्वचेचं चित्र ठेवायचं. तो बांधणीत किंचित सरकला की डोळा खोबणीबाहेर येतो. दोन्ही सोडलं.

उरलं साधं पान उलटणं. ते फुकट आहे आणि कधी बिघडत नाही. एका प्राण्याला तीन जोडपानं: पहिल्यावर अवशेष, दुसऱ्यावर इराच्या वहीतला पेन्सिलीचा अंदाज, तिसऱ्यावर रंगीत, जिवंत प्राणी. चार प्राण्यांची १२, बेटावर पोचण्याचं एक, आणि शेवटी खऱ्या प्राण्यांचं एक. चौदा जुळली. म्हणजे सहापैकी दोन प्राणी जाणार.

५ फेब्रुवारी

घुमट्या. टेकडीएवढा प्राणी, पाठीवर घुमटासारखं कवच, खाली शेळीसारखे बारीक पाय. चित्र इतकं लोभस की त्याला हात लावू नये असं वाटत होतं. पण सांगाडा काढायला बसलो आणि अडलो. प्राण्याची सगळी मापं दहापट केली तर वजन हजारपट होतं, पायाच्या हाडाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येतो. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हे एका हाडाच्या चित्राने दाखवलं आहे: लांबी तिप्पट झाली तर तेच काम करायला हाड किती बेढब जाड व्हावं लागेल ते. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ, अंगाच्या बरोबर खाली असतात ते त्यामुळेच.

प्राणी काल्पनिक आहे, चालवून घेऊ, असं एकदा म्हणून पाहिलं. नाही चाललं. इथे मुलांना हाडांवरून प्राणी ओळखायचा आहे. हाडंच खोटं बोलत असतील तर ओळखायचं कशाच्या आधारावर? प्राणी कल्पनेतला असू दे, त्याचं वजन कल्पनेतलं असून भागणार नाही.

पाय जाड केले. घुमट्या कासव आणि हत्ती यांच्या मधलं काहीतरी दिसू लागला, त्याची गंमत गेली. मग चित्रकार म्हणाली, "अगं, त्याला पाण्यात उभा कर ना." सगळं सुटलं. कवच तळ्यावर तरंगतं, भार पाणी पेलतं, पाय फक्त तळाशी टेकत चालायला. बारीक पाय तसेच राहिले. पुराव्याचं पानही आपोआप तयार झालं: कोरडं माळरान, प्रचंड कवच, काटकुळी हाडं आणि भोवती शिंपल्यांचा खच. इरा वहीत विचारते, "एवढ्याशा पायांवर हा उभा कसा राहायचा?" शिंपले पाहून उत्तर मुलांनी द्यायचं. आणि तळं आटलं तेव्हा तो दुसऱ्या तळ्यापर्यंत चालत का जाऊ शकला नाही, याचंही उत्तर त्याच पायांत आहे.

१४ फेब्रुवारी

कंदीलमान्या काढून टाकला. रात्रीच्या जंगलात गळा उजळणारा प्राणी, माझा सगळ्यात लाडका. पण उजेडाचं हाड नसतं. इराला ते कळणार कसं? तिला डोळ्याभोवतीचं हाडांचं कडं सापडेल असं ठरवून पाहिलं. पक्ष्यांत आणि बऱ्याच सरपटणाऱ्या प्राण्यांत ते असतं आणि त्यावरून डोळा केवढा होता ते कळतं. पण मोठा डोळा म्हणजे तो रात्री हिंडत असावा, एवढंच. गळा उजळायचा, हे त्यातून निघत नाही.

मग हाडात उमटणारी दुसरी गोष्ट शोधली: आवाज. पॅरासॉरोलोफस या खऱ्या डायनोसॉरच्या डोक्यावरच्या लांब तुऱ्यात पोकळ नळ्या होत्या आणि त्यातून खोल आवाज घुमत असावा असं संशोधक मानतात. तसा पोकळ तुरा आपल्या प्राण्याला दिला आणि त्याचं नाव ठेवलं तुतारतुऱ्या. इराला तुटलेला तुरा सापडतो, आत दोन नळ्या. ती पुठ्ठ्याच्या नळीत फुंकर घालून पाहते. आखूड नळीचा आवाज बारीक, लांब नळीचा खोल. पिल्लाचा तुरा आखूड, आईचा लांब, म्हणजे कोण कुठून हाक मारतंय ते हाडांवरून सांगता येतं.

वाचून दाखवताना हे पान सगळ्यांत पुढे गेलं. मुलं आपणहून पिल्लाचा आणि आईचा आवाज काढायला लागली. मोठ्याने वाचायच्या पुस्तकात आवाजाची अशी एक तरी जागा असावी, असं आता ठाम वाटतं.

२६ फेब्रुवारी

तिपाया. याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आणि पुस्तकाला सगळ्यात जास्त दिलंही यानेच.

मूळ कल्पना तीन पायांच्या प्राण्याची. सांगाडा कुठूनही जुळेना, कारण कण्याच्या प्राण्यांचे पाय जोडीने येतात. तिसऱ्या पायाला कमरेचं हाड लावायचं कुठे? चित्रकाराने मधोमध जोडून पाहिला, तिरका जोडून पाहिला. प्रत्येक वेळी ते लाकडी खेळणं वाटायचं.

कांगारूच्या चालीबद्दल वाचताना वाट सापडली. सावकाश चालताना कांगारू शेपटी जमिनीवर रोवून तिच्या जोरावर अंग पुढे ढकलतं, म्हणजे शेपटी पायाचंच काम करते. २०१४ मध्ये संशोधकांनी तो जोर मोजलाही. मग ठरलं: चिखलात तीन-तीनचे ठसे, डावा, उजवा आणि मधला गोल. इरा वहीत तीन पायांचा प्राणी काढते आणि त्याला तिपाया म्हणते. पुढे तिला त्याच थरात बसलेल्या प्राण्याचा अख्खा ठसा मिळतो, आणि मधला गोल शेपटीचा निघतो. ती आधीचं चित्र खोडत नाही, त्यावर एक रेघ मारते आणि शेजारी नवं काढते. नाव मात्र तिपायाच राहतं.

शोधक चुकलेली दाखवावी का, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. तिला वाटत होतं, मुलांचा इरावरचा विश्वास जाईल. वाचून पाहिलं तर उलट झालं. मुलांना चूक तिच्याआधी दिसली, आणि पुढच्या प्राण्याच्या वेळी ती तिच्या अंदाजावर बारीक नजर ठेवून होती. मला याहून जास्त काही नको होतं.

इथे मापांकडे लक्ष द्या. पाऊल जेवढं लांब, त्याच्या साधारण चौपट उंचीवर कंबर, असा ढोबळ आडाखा मॅकनील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ठशांवरून वेग काढताना वापरला होता. आमच्या चित्रात पाऊल इराच्या तळहाताएवढं आणि कंबर तिच्या डोक्याच्या वर होती. ठसे मोठे केले, त्यांच्यातलं अंतर वाढवलं. पान नव्याने रंगवावं लागलं.

१० मार्च

वाळूपोह्या गेला. कोरड्या वाळूतली नागमोडी रेघ टिकत नाही, वाऱ्याने पुसली जाते, आणि ती टिकवायला मला पूर, चिखल, वादळ असं सगळं आणावं लागत होतं. कंदीलमान्या आधीच गेला होता. तुतारतुऱ्या त्याच्या जागी आला आणि चौथी जागा कोयगिळ्याने घेतली.

कोयगिळ्याचं हाड मिळतच नाही. मिळतं ते जिवंत झाड. त्याची फळं एवढी मोठी, कोय एवढी थोराड, की बेटावरच्या कुणालाच ती गिळता येत नाही. फळं झाडाखालीच कुजतात. मग ते झाड ही फळं कुणासाठी धरतं? १९८२ मध्ये डॅनियल जॅन्झन आणि पॉल मार्टिन या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या अशा थोराड फळांबद्दल हाच प्रश्न विचारला होता. ती गिळून बिया दूर नेणारे अवजड प्राणी आता उरलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ॲव्होकॅडोचं उदाहरण त्या संदर्भात नेहमी दिलं जातं.

हाडाशिवाय प्राणी ओळखता येईल का, याची धास्ती होती. पहिल्याच वाचनात एक मुलगा म्हणाला, "याचं तोंड एवढं मोठं असणार," आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

२४ मार्च

नामशेष का झाले, हे लिहायचं राहिलं होतं. काही वाचकांनी सुचवलं की लहान मुलांच्या पुस्तकात ते टाळावं. मी टाळलेलं नाही. नामशेष म्हणजे काय, हे न सांगता नामशेष प्राण्यांचं पुस्तक करणं मला पटत नाही.

मात्र चौघांचं कारण एकच ठेवलं की पुस्तक रडगाणं होतं. घुमट्याचं तळं आटलं. तुतारतुऱ्याची हाडं राखेच्या एका करड्या थराखाली सगळीकडे आहेत, त्याच्या वर कुठेच नाहीत. तिपायाच्या अंड्यांच्या टरफलांवर बारीक दातांच्या खुणा आहेत आणि किनाऱ्यावर जुना नांगर: जहाज आलं, जहाजातून उंदीर आले. कोयगिळ्याच्या पानावर इरा लिहिते, "का गेला, अजून कळलेलं नाही." ही ओळ मुद्दाम उघडी ठेवली आहे.

तिपायाच्या पानावर एकाने विचारलं, माणूस आल्यावर प्राणी इतक्या लवकर जातो का? स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये निसर्गतज्ज्ञांच्या नजरेस पडली आणि १७६८ पर्यंत शिकारीने संपली. सत्तावीस वर्षं. मॉरिशसवर डच १५९८ मध्ये उतरले आणि डोडोची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. हे आकडे गोष्टीत घातले नाहीत, मोठ्यांना उत्तर देता यावं म्हणून शेवटच्या जोडपानावर ठेवले.

मरणाचं चित्र एकही नाही. चित्रकाराने शेवटच्या एकट्या तिपायाचं एक चित्र केलं होतं. फार सुंदर होतं, आणि दोन मुलांनी पुस्तक तिथेच मिटलं. ते चित्र आम्ही वापरलं नाही.

८ एप्रिल

काळ कसा दाखवायचा? "लाखो वर्षांपूर्वी" म्हटल्यावर मुलांच्या डोक्यात चारही प्राणी एकाच दिवशी हिंडत होते. आकडे काढले. प्रत्येक पुराव्याच्या पानाच्या तळाशी थरांची एक पट्टी दिली, आणि जो थर खाली तो जुना, एवढं एकदाच सांगितलं. करड्या राखेचा थर चारही ठिकाणी तोच. त्यावरून तिपाया राखेनंतरचा, हे मुलं स्वतः काढतात. खऱ्या जगातही एक पातळ थर असाच बोलका ठरला: १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर आल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या अशाच थरातल्या इरिडियम या दुर्मीळ धातूवरून उल्कापाताचा अंदाज बांधला होता.

२२ एप्रिल

रंग. हाडावरून रंग कळत नाही, तर तिसऱ्या जोडपानावर रंग भरायचे कोणत्या हक्काने? चित्रकार दोन्ही बाजूंनी अस्वस्थ होती: रंगाशिवाय प्राणी मेलेला, रंग भरला तर इरा थापा मारते असं होतं. पिसांच्या जीवाश्मातल्या रंगकणांच्या पेशीघटकांवरून २०१० मध्ये सिनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते असं दाखवलं गेलं, पण तशा पिसांचा ठसा आमच्या बेटावर फक्त तिपायाला मिळाला. त्याचे पट्टे पुराव्यातून आले आहेत. बाकी तिघांच्या पानावर इराची ओळ: "रंग माझ्या मनाचे. तुझे वेगळे असू शकतात." झेरॉक्स काढून रंगवता यावेत म्हणून पेन्सिलीची चित्रं ठळक रेषेत केली.

६ मे

अक्षरजुळणी. ठरवलेल्या फॉन्टमध्ये "तुतारतुऱ्या"तला ऱ्या फुटत होता: कधी रफार होऊन वर जायचा, कधी खाली टिंब घेऊन यायचा. प्राण्याचं नावच त्याच्या प्रत्येक पानावर चुकीचं. फॉन्ट निवडण्याआधी आपल्या पुस्तकातली सगळी जोडाक्षरं एका ओळीत टाइप करून, पीडीएफ काढून, कागदावर छापून पाहा. पडद्यावर नीट दिसलेलं पीडीएफमध्ये तसंच राहील याचा भरवसा नाही.

फॉन्ट बदलल्यावर ओळी वाढल्या, दोन पानांवर मजकूर चित्रावर चढला. वाक्यं कापली. बहुतेक वाक्यं कापल्यावर सुधारली. वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींतलं अंतर पुन्हा सैल केलं.

२० मे

छपाईचा नमुना आला. तीन गोष्टी.

पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट उतरला. छपाईच्या चार शाईंत तो रंग बसत नाही. जंगलाची पानं त्या रंगमर्यादेत पुन्हा केली. हे पहिल्या दिवसापासून त्याच मर्यादेत रंगवलं तर वाचतं.

घुमट्या दोन पानांवर पसरलेला, आणि त्याचा डोळा नेमका शिवणीत गेला. प्राणी सरकवला. तोंड, डोळे, ठसे, मोजपट्टी यांतलं काही शिवणीजवळ नको.

काळ्या रात्रीवरची पांढरी अक्षरं बारीक झाली, कारण भोवतीची शाई आत पसरते. त्या पानावर अक्षर एक पायरी जाड केलं.

३ जून

शेवटचं जोडपान: खरोखर घडलेलं. घुमट्या खरा होता का, असं मुलं विचारतात आणि त्याचं सरळ उत्तर पुस्तकात हवं. म्हणून डाव्या पानावर वरच लिहिलं आहे की हे चारही प्राणी आम्ही रचलेले आहेत, पण इरासारख्या चुका खऱ्या शोधकांच्याही झाल्या.

निवड करताना त्रास झाला, कारण सगळंच सांगावंसं वाटतं. तीनच ठेवल्या. इग्वॅनोडॉन: गिडियन मँटेल यांनी १८२५ मध्ये वर्णन केलेला डायनोसॉर. त्याचं टोकदार हाड त्यांनी नाकावर लावलं, १८५४ च्या क्रिस्टल पॅलेसच्या पुतळ्यांतही ते तिथेच होतं. बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये पुरे सांगाडे मिळाल्यावर ते अंगठ्याचं असल्याचं पक्कं झालं. इलॅस्मोसॉरस, लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी: एडवर्ड कोप यांनी १८६८ मध्ये त्याचं डोकं शेपटीच्या टोकाला बसवलं. आणि हॅल्युसिजेनिया, समुद्रातला एक अळीसारखा चिमुकला प्राणी: १९७७ मध्ये वर्णन झालं तेव्हा पाठीवरचे काटे पाय समजले गेले, १९९१ मध्ये प्राणी सुलटा झाला, आणि डोकं कोणत्या टोकाला ते २०१५ मध्ये पक्कं झालं.

हॅल्युसिजेनियाची तिन्ही चित्रं शेजारी शेजारी छापली आहेत. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं चित्र तेच, आणि त्यात आमचं काही रचलेलं नाही.

१४ जून

फाइल छपाईला गेली. बत्तिसाव्या पानावर एक हाड आहे, बाजूला मापासाठी पेन्सिल, खाली तीन रिकाम्या ओळी: काय खात होता, कुठे राहत होता, का गेला. हे हाड कुणाचं, ते आम्ही दोघींनी ठरवलेलं नाही. चित्रकाराने एवढीच काळजी घेतली आहे की ते पायाचं, फासळीचं किंवा शेपटीचं, कुठलंही असू शकेल.

दुसऱ्या आवृत्तीसाठी आत्ताच टिपून ठेवते: तिपायाच्या टरफलावरच्या दातखुणा छोट्या आकारात छापल्यावर तडे वाटतात, त्या मोठ्या करायच्या. आणि थरांची पट्टी पुराव्याच्या एका पानावर दोन मिलिमीटर खाली गेली आहे, ती कापात जाईल का, हे छापखान्यातून पहिली घडी आल्यावर पाहायचं.